पॉइंट्स उडवायच्या आधी हे वाच भाऊ

अरे भाऊ, विमानप्रवासाचे पॉइंट्स जमले की लगेच बिझनेस क्लास बुक करायचा हात शिवशिवतो, माझंही तेच झालं होतं. पण आधी हे समजून घे की जळगावहून उडणाऱ्या त्या पंख्याच्या एटीआर विमानात बिझनेस क्लास नसतोच, म्हणजे मुंबईपर्यंत भुसावळहून रात्रीची गाडी धरायची आणि खरा प्रश्न मुंबई-दिल्लीचा, जेमतेम दोन तासांचा. तिथे बहुतेक छोटं ए३२० येतं, सीट रुंद आणि मागे कलणारी, पण सपाट बेड विसर. कधीकधी मोठं विमान लागतं तेव्हा मात्र मजा आहे, म्हणून बुक करताना विमान कोणतं ते बघच.

हिशोब सोपा आहे. समज रोख भाडं १८,००० आणि पॉइंट्सवर काढलं तरी टॅक्स २,००० भरायचाच, तर वाचले १६,०००. पॉइंट्स लागले २०,००० तर एका पॉइंटला ८० पैसे पडले. आता इकॉनॉमीचंही असंच काढ. आणि स्वतःला खरं विचार, १८,००० खिशातून दिले असते का? मी तरी नसते दिले बाबा.

बिझनेस क्लासचा खरा फायदा लाउंज (विमानतळावरची खास बसायची-खायची जागा) आणि जास्तीच्या सामानाचा, तोही लवकर पोचलास तर. मी एकदा दादरला मावशीकडे गप्पा मारत बसलो, लाउंजमधे गरम पोह्यांची प्लेट हातात घेतली आणि बोर्डिंग सुरू! दोन घास खाऊन पळालो, पिशवीतले केळीचे वेफर्स विमानात खाल्ले. लग्नाचं सामान असेल तर बिझनेस क्लास घे, नाहीतर पॉइंट्स लांबच्या फ्लाइटला ठेव, फक्त एक्स्पायरी बघून.