रिमेक, रूपांतर की बेतलेला?

प्रश्न असा आला आहे: 1944 च्या ‘डबल इंडेम्निटी’ या चित्रपटावरून 1973 मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी पुन्हा एक चित्रपट झाला. 1945 च्या ‘मिल्ड्रेड पिअर्स’च्या नावाने 2011 मध्ये मालिका आली. दोन्हींना ‘रिमेक’ म्हणायचं, की ‘रूपांतर’, ‘पुनर्निर्मिती’ असा एखादा शब्द वापरायचा?

माझ्या मते इथे दोन वेगळे शब्द लागतात.

आधी ‘रूपांतर’ घेऊ. यातला ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरं’. भाषांतर म्हणजे दुसऱ्या भाषेत नेणं, तसं रूपांतर म्हणजे दुसऱ्या रूपात नेणं. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तेव्हा नाटकाचं नाटकच राहिलं, पण माणसं, नावं, पेहराव सगळं इकडचं झालं. म्हणून ते रूपांतर. कादंबरीचा चित्रपट होतो तेव्हा माध्यम बदलतं, म्हणून तेही रूपांतरच.

आता 1973 चा टीव्हीपट पाहा. जेम्स केनच्या मूळ लघुकादंबरीत विमा एजंटाचं नाव वॉल्टर हफ आणि नवऱ्याचा काटा काढायला निघालेल्या बाईचं फिलिस नर्डलिंगर. बिली वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी पटकथा लिहिताना हफचा नेफ केला आणि नर्डलिंगरचं डीट्रिकसन. टीव्हीवरही नेफ आणि डीट्रिकसनच आहेत! म्हणजे समोर पुस्तक नव्हतं, चित्रपट होता. माध्यम जवळपास तेच, माणसं तीच, पटकथाही बरीचशी तीच. हा सरळसरळ रिमेक. गेला तो फक्त काळापांढरा रंग, आणि फिल्म न्वारचा, म्हणजे गुन्ह्याच्या काळोख्या कथा सांगणाऱ्या त्या जुन्या हॉलिवूडपटांचा, जीव तर त्यातच. खिडकीच्या पट्ट्यांमधून भिंतीवर आणि कोटावर पडणाऱ्या त्या आडव्या सावल्या! रंगीत दिवाणखान्यात खुनाचा कट तोच राहतो, पण अंधार हरवतो.

‘मिल्ड्रेड पिअर्स’चं उलट आहे. चित्रपट सुरू होतो तो गोळ्यांच्या आवाजाने, आणि पुढची बरीच कथा पोलिसांसमोर उलगडते. केनच्या 1941 च्या कादंबरीत मात्र हा खून नाहीच. टॉड हेन्सने केट विन्स्लेटला घेऊन केलेल्या पाच भागांच्या मालिकेतही तो नाही. मालिका चित्रपटाला वळसा घालून थेट पुस्तकाकडे गेली, म्हणून ते कादंबरीचं नवं रूपांतर. तिला रिमेक म्हटलं, तर जे तिने केलंच नाही ते तिच्या नावावर लागतं.

‘बेतलेला’ हा शब्दही इथे उपयोगी पडतो, आणि तो मला फार आवडतो. शिंपी अंगाच्या मापाने कापड बेततो. ताग्यातून काय घ्यायचं आणि किती सोडायचं, हे तो ठरवतो. केनची ‘डबल इंडेम्निटी’ न्यूयॉर्कमधल्या 1927 च्या रूथ स्नायडर खून खटल्यावर बेतलेली आहे. तिथेही नवऱ्याचा विमा होता आणि सामील झालेला प्रियकर होता. घटनेतून कथा येते तेव्हा हाच शब्द बसतो.

‘पुनर्निर्मिती’ मी टाळतो. मोडलेलं किंवा हरवलेलं पुन्हा उभं करणं, असा अर्थ त्यातून आधी डोकावतो, आणि जुना चित्रपट तर धडधाकट असतो.

वापरताना प्रत्ययही सांभाळा. रिमेक पुल्लिंगी आहे, आणि तो चित्रपटा‘चा’ असतो, चित्रपटा‘वर’ नसतो. ‘वर’ येतो तो ‘बेतलेला’ आणि ‘आधारित’ यांच्याआधी. म्हणून ‘डबल इंडेम्निटीचा रिमेक’, पण ‘खऱ्या खटल्यावर बेतलेली कादंबरी’.