हायवेवर थंड, सिग्नलला गरम: रेडिएटर बदलायच्या आधी हे बघ

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, मधेच वाचायला येणाऱ्यांना संदर्भ लागेल. 1968 ची मस्टँग कूप, मूळचं 289 घन इंचांचं इंजिन जाऊन आता 302 चा ब्लॉक स्ट्रोक करून (पिस्टनची धाव वाढवून) 347 केलेला, ॲल्युमिनियम हेड्स, मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), चार बॅरलचा कार्ब (कार्बोरेटर), नंतर बसवलेला एसी, गाव डॅलस. हायवेवर काटा 185-190 ला शांत बसतो, पण गावात दोन-तीन सिग्नल लागले की 230 फॅरनहाइट, म्हणजे आपल्या सवयीचे 110 सेल्सिअस. तू नवीन ॲल्युमिनियम रेडिएटर घातलास, थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे पाणी सोडणारी झडप) काढून टाकलास, काडीचाही फरक नाही, आणि आता आणखी मोठा रेडिएटर घ्यायचं चाललंय.

घेऊ नकोस. खरंच सांगतो, पैसे वाया जातील. उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. ताशी 65-70 मैलांवर इंजिन सिग्नलला उभं असताना जाळतं त्याच्या कितीतरी पट पेट्रोल जाळत असतं, म्हणजे पाण्यात जाणारी उष्णताही बरीच जास्त, आणि ती सगळी तुझा हाच रेडिएटर, हाच पंप, हेच कूलंट आरामात बाहेर टाकतंय. मग रेडिएटर लहान कसा असेल? हायवे आणि सिग्नल यांच्यात फरक पडतो अशा दोन गोष्टी आधी बघायच्या. एक, समोरून येणारा वारा. दुसरी बहुतेक जण बघतच नाहीत, ती म्हणजे आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) इंजिन स्वतःच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय का.

या दुसऱ्या गोष्टीपासूनच सुरुवात करतो, कारण मी स्वतः याच्यात दोन उन्हाळे घालवलेत. माझी 1969 ची मस्टँग, 351 विंडसर, मी मिशिगनमध्ये असतो. आमच्याकडे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते, 1995 पासून चालू आहे, डेट्रॉईटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मैलोन्‌मैल रांग, आणि सगळं मुंगीच्या चालीने. 2011 ला रॉयल ओकमध्ये 13 माइल रोडच्या जवळ माझी गाडी 225 वर गेली, मी बाजूच्या पार्किंग लॉटमध्ये घेतली आणि बॉनेट उघडून उभा राहिलो. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात फियाट आणि ॲम्बेसेडर अशाच बॉनेट उघडून उभ्या दिसायच्या, तेच आठवत होतं. तोपर्यंत चार-रो रेडिएटर, हाय फ्लो पंप, नवीन पंखा, सगळं घालून झालं होतं.

तिथे सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आले, आयुष्य इंजिनांच्या टेस्टिंगमध्ये गेलेले. त्यांनी रेडिएटरकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून आधी हेडरचे, म्हणजे एक्झॉस्टचा धूर बाहेर नेणारे, पाइप बघितले, हेडपाशी जिथे सुरू होतात तिथला रंग जळून राखाडी झाला होता, आणि मग डिस्ट्रिब्युटरच्या (सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम डब्यावर बोट ठेवून विचारलं, ही नळी कुठेय? नळी नव्हतीच. इंजिन बांधणाऱ्या शॉपने व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी सोय) बंद करून कार्बच्या बाजूच्या नळीत एक बोल्ट खुपसून ठेवला होता, रेसिंगच्या गाडीला लागत नाही म्हणून. त्यांनी त्यांच्या डब्यातून हातभर रबरी नळी काढली, इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्बखालून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूमला जोडली, आणि माझ्या डोळ्यांसमोर आयडल 750 वरून 950 वर चढलं. कार्बचा स्क्रू फिरवून परत 750 ला आणलं, पंधरा मिनिटं गाडी तिथेच उभी चालू ठेवली, आणि काटा 205 वर येऊन थांबला. एकही पार्ट न बदलता.

असं का होतं ते समजून घे. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये मिश्रण कमी आणि विरळ, वर मागच्या फेरीचा थोडा धूर तसाच राहिलेला, मोठ्या कॅमला तर तो अजून जास्त. असलं मिश्रण सावकाश जळतं, म्हणून ठिणगी लवकर पडावी लागते. उशिरा पडली तर पिस्टन खाली जाऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही जळणं चालूच असतं, आणि ती आग एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर पडते. एक्झॉस्ट पोर्टच्या भोवती पाणीच आहे, ते तापणार नाही तर काय होणार. शिवाय ताकद कमी मिळते म्हणून आयडल टिकवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणजे परत जास्त पेट्रोल, परत जास्त उष्णता.

तर टायमिंग लाइट (पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते दाखवणारा दिवा) घे, फोर्डचा एक नंबरचा सिलिंडर पॅसेंजर साइडला पुढचा, आणि आधी व्हॅक्यूमची नळी काढून, बंद करून मोज. आयडलला 10 ते 14 डिग्री, 3000 आरपीएमला सगळं मिळून 34-36 च्या आसपास असायला हवं. मग नळी मॅनिफोल्ड व्हॅक्यूमला जोडून आयडलला अजून 10-12 डिग्री वाढतात का बघ. तुझ्या मोठ्या कॅममुळे आयडलला व्हॅक्यूम कमी असणार, समजा 12 इंच (पाऱ्याचे), तर डबा 10 इंचांवरच पूर्ण ओढला गेला पाहिजे, नाहीतर आयडलला तो सारखा आत-बाहेर करेल आणि गाडी हुंदके देईल. ॲडजस्टेबल डबा मिळतो, नळी लागते त्या तोंडातून ॲलन की घालून सेट करता येतो. नंतर चढावर, लोडवर गाडी चालवून कान देऊन ऐक. टकटक आली तर लगेच थोडं मागे घे, ॲल्युमिनियम हेड असलं तरी नॉकिंग पिस्टन खातं.

आणि हो, हे सगळं मोजायच्या आधी हार्मोनिक बॅलन्सर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं चाक, टायमिंगच्या खुणा त्यावरच असतात) तपास. जुना असेल तर त्याच्या बाहेरच्या रिंगमधलं रबर सुटून रिंग सरकलेली असते, मग खूण 12 दाखवते आणि खरं टायमिंग 4 असतं. पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारं हत्यार) लावून खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सगळ्यात वरचं टोक, कुठे येतो ते एकदा पक्कं कर, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता वारा. तू इलेक्ट्रिक पंखा लिहिलायस, पण श्राउडबद्दल (पंख्याभोवतीचं, हवा पूर्ण रेडिएटरमधून ओढायला लावणारं आवरण) काहीच नाही, म्हणून मी धरून चालतो की तो प्लास्टिकच्या दांड्यांनी थेट रेडिएटरला चिकटवलेला आहे. 16 इंची पंख्याचं वर्तुळ होतं साधारण 200 चौरस इंच. तुझा कोअर (रेडिएटरचा जाळीचा भाग) 20 बाय 17 धरला तर 340. म्हणजे उभ्या गाडीत रेडिएटरचा जवळजवळ 40 टक्के भाग नुसता बसून असतो, त्यातून वारा जातच नाही. पूर्ण कोअर झाकणारा श्राउड, कोअर आणि पंखा यांच्यात थोडं अंतर, आणि कडेने फोमची पट्टी, एवढं केलंस तर तोच पंखा वेगळा वागेल. तपासायची सोपी युक्ती, एसी लावून गाडी उभी ठेव आणि ग्रिलसमोर वहीचा कागद धर. सगळीकडे चिकटून राहिला पाहिजे. कोपऱ्यात गळून पडला तर तिथून हवा ओढली जात नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बाजूने फट असेल तर तीही बंद कर, नाहीतर इंजिनाकडची गरम हवा खालून फिरून परत पुढे येते आणि पंखा तीच ओढत बसतो.

पंख्याला वीज किती पोचतेय ते मीटर लावून बघ, बॅटरीवर नको, पंख्याच्याच कनेक्टरवर, गाडी आयडलला, हेडलाइट आणि एसी चालू ठेवून. त्या काळच्या मस्टँगचा मूळ अल्टरनेटर 40 ॲम्पिअरच्या आसपासचा, आणि एक चांगला मोठा पंखा एकटाच 30 खातो. 13.5 च्या जागी 11.8 व्होल्ट मिळाले तर पंखा फिरताना दिसतो पण ओढत नाही, आणि हे नेमकं सिग्नललाच होतं. जाड वायर, रिले, नवीन मोठा अल्टरनेटर, या क्रमाने जा. भंगारातून फोर्ड कंटूरचे जोडपंखे श्राउडसकट काढून बसवणारे खूप आहेत, ते चांगलं काम करतात, फक्त वायरिंग त्या तोलाचं हवं. मला विचारशील तर पट्ट्यावर चालणारा क्लच फॅन (गरम झाल्यावर जोरात फिरणारा पंखा) आणि पूर्ण श्राउड हीच जोडी मी लावेन, पाती अर्धी श्राउडच्या आत आणि अर्धी बाहेर. माझ्या गाडीत तेच आहे.

थर्मोस्टॅट परत घाल, 180 चा. पाणी फार जोरात फिरलं तर त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही असं सगळे सांगतात, ते खरं नाही. जोरात फिरण्याने उष्णता जास्तच जाते. थर्मोस्टॅट हवा तो वेगळ्या कारणासाठी. एकतर इंजिन कामाच्या तापमानाला लवकर येतं, आणि दुसरं, त्याच्या अडथळ्यामुळे ब्लॉकच्या आत दाब टिकतो, हेडमधल्या सगळ्यात गरम जागी वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. त्याच्या चकतीला 1/8 इंचाचं एक भोक पाड आणि बसवताना ते वरच्या बाजूला ठेव, हवा अडकत नाही. भरताना गाडीचं नाक रॅम्पवर चढवून भर, बरीच हवा तशीच निघते.

एक धीर देतो, 230 म्हणजे उकळणं नाही. निम्मं पाणी निम्मं कूलंट असलेलं मिश्रण साध्या दाबाला 223 च्या आसपास उकळतं आणि कॅपच्या प्रत्येक पौंड दाबामागे साधारण 3 डिग्री वर जातं, म्हणजे 16 पौंडांची चांगली कॅप असेल तर 265 च्या पुढे. त्यामुळे काटा चढला की घाबरून रस्त्यातच इंजिन बंद करू नकोस. एसी बंद कर, न्यूट्रलला घेऊन आरपीएम 1500 ला धर, पंप आणि अल्टरनेटर दोन्ही जोरात चालतात. बंद केल्यावर काटा अजून 10-15 डिग्री चढतोच, पाणी फिरायचं थांबतं म्हणून, तो दोष नव्हे. गरम असताना कॅप मात्र कुणाच्याही सांगण्यावरून उघडू नकोस, फडकं धरूनसुद्धा नाही. नुसतं पाणी जास्त उष्णता वाहतं हे बरोबर आहे, पण फेब्रुवारी 2021 च्या कडाक्याच्या थंडीत टेक्सासात काय झालं ते तुझ्याकडच्यांना सांगायला नको, आणि लोखंडी ब्लॉकवर ॲल्युमिनियम हेड म्हटलं की गंज रोखणारं काहीतरी पाण्यात लागतंच. निम्मं-निम्मंच ठेव. सांडलेलं लगेच पूस, ते गोड लागतं आणि कुत्र्या-मांजरांना विष आहे.

काटा खरा बोलतोय का हेही बघायचंय. त्या मस्टँगमध्ये डॅशच्या मागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो, तो बिघडला की पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा दोन्ही एकदम वर सरकतात. टाकी अर्धी असताना काटा पाऊण दाखवत असेल तर तुझे 230 कदाचित 210 असतील. इन्फ्रारेड गन थर्मोस्टॅटच्या घरावर धरून पडताळ, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी वाचते, काळी टेप चिकटवून त्या टेपवर धर. तीच गन रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजपाशी पण लाव. दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आलं तर वारा उष्णता नेत नाहीये. खूप फरक असेल आणि तरी गाडी तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाहीये.

पाणी फिरत नसल्याचं निघालं तर पहिला संशय पंपाचा. तुझी गाडी जुन्या व्ही-बेल्टवर आहे की सर्पेंटाइन (सगळं चालवणाऱ्या एकाच लांब, रुंद) पट्ट्यावर ते लिहिलं नाहीस. 1986 ते 93 च्या मस्टँगचा पंप उलटा फिरतो, तो व्ही-बेल्टवर लावला की पाणी फक्त घुसळतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, पंप काढून पात्यांचा बाक बघावा लागतो. खालच्या होजमध्ये स्प्रिंग आहे ना तेही चाचपून बघ, नसेल तर ओढीने होज चिपटतो, आणि तेही तू 3000 आरपीएमला बघितलंस तरच दिसतं.

हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सील) उलटं बसल्याची शक्यता तुझ्या बाबतीत कमी, हायवेवर थंड आहे म्हणून, तरी दोन मिनिटांचं काम आहे तर बघून घे. या फोर्डमध्ये पाणी पंपातून ब्लॉकमध्ये, ब्लॉकच्या मागच्या टोकाला हेडमध्ये चढतं आणि हेडमधून पुढे येऊन बाहेर पडतं. गॅस्केट उलटं लागलं की पाणी पुढच्या पुढेच वर चढून निघून जातं, मागचे दोन सिलिंडर कोरडे भाजतात. गॅस्केटवर फ्रंट असं छापलेलं असतं, आणि हेड बसलेलं असतानाही त्याचा चौकोनी कोपरा पुढच्या बाजूला डोकावताना दिसतो. दोन्ही हेडला तो पुढेच दिसला पाहिजे. एकीकडे पुढे आणि एकीकडे मागे दिसला तर मला लगेच कळव, तशी गाडी चालवू नकोस.

शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत चार आकडे घे: व्हॅक्यूमशिवाय आयडलचं टायमिंग, व्हॅक्यूमसकट आयडलचं टायमिंग, 3000 ला एकूण टायमिंग, आणि आयडलला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम किती इंच. सोबत पंख्याच्या कनेक्टरवरचे व्होल्ट आणि श्राउडचा एक फोटो. ते टाकलेस की डबा किती फिरवायचा ते सांगतो, आणि त्या मोठ्या रेडिएटरची ऑर्डर दिली असशील तर आजच रद्द कर.