जुन्या घराला ऊब हवी, कोंडमारा नको

प्रश्न: डोंगरातलं आमचं घर शंभर वर्षांहून जुनं आहे. दोन फूट जाड दगडी भिंती, चुन्यातलं बांधकाम, वर लाकडी माळा आणि पत्र्याचं उतरतं छप्पर. हिवाळ्यात पारा महिनोन्‌महिने शून्याखाली असतो. दिवसरात्र हीटर लावूनही पाय गारच राहतात. ठेकेदार म्हणतो, सगळ्या भिंतींना आतून थर्मोकोल लावू, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि वर जिप्सम बोर्ड. इतक्या जाड भिंती असून घर थंड का? आणि त्याचं ऐकावं का?

उत्तर: नका ऐकू. निदान आत्ता तरी नाही.

जाड भिंत म्हणजे ऊबदार भिंत, ही समजूत फार पक्की आहे. दगड उष्णता साठवतो, अडवत नाही. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा असेल तिथे हा साठा उपयोगी पडतो. पण बाहेर आठवडेच्या आठवडे उणे दहा असेल, तर उष्णता एकाच दिशेने, बाहेर, जात राहते. तुमची दोन फुटी भिंत जेवढी उष्णता अडवते, तेवढी रॉकवूलचा, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या लोकरीचा, एक ते दोन सेंटिमीटरचा थर अडवतो. लोकांना हे पटत नाही, कारण हाताला भिंत भक्कम लागते. पण भक्कमपणा वेगळा आणि उष्णता अडवणं वेगळं.

तरीही तुमच्या गार पायांचं कारण भिंतीत नसावं. ते बहुधा डोक्यावर आहे. गरम हवा हलकी असते, ती वर चढते आणि माळ्याच्या फटींतून निसटते: माळ्यावर जायच्या झडपेभोवती, धुराड्याभोवतीच्या पोकळीतून, दिव्यांच्या तारांसाठी पाडलेल्या भोकांतून, भिंत आणि छत मिळतात त्या सांध्यातून. जेवढी हवा वरून जाते, तेवढीच गार हवा खालून, जमिनीच्या फळ्यांमधून आणि दाराखालून, आत ओढली जाते. म्हणून पाय गार पडतात आणि आपण खाली सतरंज्या अंथरतो किंवा भिंती झाकायला निघतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

कडाक्याच्या थंडीतल्या एखाद्या सकाळी बॅटरी घेऊन माळ्यावर चढा. छपराच्या खिळ्यांची टोकं आतल्या बाजूला निघालेली असतात, ती बघा. टोकावर पांढऱ्या हिमाचा मणी धरला असेल, तर घरातली दमट हवा तिथवर पोहोचते आहे. माळ्यावर उष्णता अडवणारी जुनी खनिज लोकर पसरलेली असेल तर ती जागोजागी उचलून खालची बाजू तपासा. काळपट पट्टे दिसले की लोक बुरशी समजून घाबरतात. बहुतेक वेळा ती धूळ असते. वर्षानुवर्षं हवा त्या जागेवरून गेली, लोकरीने तिच्यातली धूळ गाळून ठेवली. पट्ट्याच्या बरोबर खाली फट सापडते. मला ही तपासणी महागड्या उपकरणांइतकीच विश्वासाची वाटते. बर्फ पडून गेल्यावर छप्पर बाहेरूनही बघा. सगळीकडे बर्फ आहे आणि धुराड्याजवळ किंवा माळ्याच्या झडपेच्या वर मोकळा पत्रा दिसतो आहे, तर उष्णता तिथून चालली आहे.

आधी या फटी बुजवा. लहान फटींना सीलंट, मोठ्यांना फळी ठोकून कडेने सीलंट. झडपेला रबरी पट्टी लावा आणि ती दाबून बंद होईल अशी कडी बसवा. धुराड्याभोवती मात्र फोम किंवा लाकूड अजिबात नको. तिथे पत्रा आणि आगीत टिकणारं सीलंटच लावायचं, आणि लाकडापासून नियमाप्रमाणे मोकळं अंतर ठेवायचं. हे झाल्यावर माळ्याच्या जमिनीवर तीस ते चाळीस सेंटिमीटर जाडीचं सेल्युलोज (जुन्या कागदाचा तंतुमय भुगा) किंवा रॉकवूल पसरा. वळचणीपाशी हवा खेळायची वाट बुजवू नका. छप्पर थंडच राहिलं पाहिजे. ते आतून तापलं की वरचा बर्फ वितळतो, पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं, तिथला पत्रा गार असल्याने पुन्हा गोठतं आणि बर्फाचा बांध तयार होतो. मागे तुंबलेलं पाणी मग सांध्यांतून घरात उतरतं. वळचणीला लोंबणारे मोठाले हिमसुळे फोटोत सुंदर दिसतात, पण बहुतेकदा ते गळक्या माळ्याची खूण असतात.

एवढं करून एक हिवाळा काढा. पुष्कळ घरांत भिंतीचा विचार त्यानंतर बराच निवळतो.

आता ठेकेदाराच्या योजनेबद्दल. मला काळजी वाटते ती इथे. तुमची भिंत आज थोडी तरी गरम राहते, म्हणून वाळते. आतून थर्मोकोल लावला की दगडाला घरातली ऊब मिळणं थांबतं. खोलीत वीस अंश आणि आर्द्रता पन्नास टक्के असेल, तर दवबिंदू नऊ अंशांच्या थोडा वर येतो, म्हणजे त्याहून गार पृष्ठभागावर पाणी सुटतं. थर्मोकोलच्या मागचा दगड तर शून्याच्या आसपास असेल. प्लास्टिकचा कागद दमट हवा अडवेल, असं ठेकेदार सांगेल. पण जुन्या घरात तो कागद तुळया, आडभिंती, बटणांचे डबे अशा शंभर ठिकाणी कापला जातो, आणि हवा तिथून मागे जातेच. शिवाय बाहेरून पावसाचं, बर्फाचं पाणी भिंतीत मुरतं. पूर्वी ते दोन्ही बाजूंनी वाळायचं, आता आतली बाजू बंद. ओल्या दगडात पाणी गोठलं की ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि दगडाच्या कपच्या सुटू लागतात.

सगळ्यात मोठा धोका भिंतीत गाडलेल्या तुळयांच्या टोकांना. एका घरात असंच काम झाल्यानंतर काही वर्षांनी जमीन हलायला लागली म्हणून मला बोलावलं होतं. बोर्ड काढल्यावर तुळई वरून छान कोरडी, पिवळसर दिसत होती. भिंतीत शिरते तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला, ओल्या पावात जावा तसा. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली राहिली तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. ती सतत त्याच्या बरीच वर राहिली की बुरशी लाकूड खाते. शंभर वर्षं टिकलेली तुळई दहा वर्षांत घालवणं हा फार वाईट सौदा आहे.

भिंतीचं काम करायचंच असेल तर पाण्यापासून सुरुवात करा. पन्हळी साफ आणि सलग हव्यात. भिंतीलगतच्या जमिनीचा उतार घरापासून दूर हवा. दगडांच्या सांध्यांत नंतर कुणी सिमेंट भरलं असेल तर ते हळूहळू, छिन्नीने काढून चुन्यात सांधे भरून घ्या. चुन्याचा सांधा ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा सोडत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगड झिजतो. यानंतर भिंतीला वाळायला किमान एक कोरडा ऋतू द्या. मगच आतून थर लावा, तोही वाफ जाऊ देणारा: लाकडाच्या तंतूंचे बोर्ड किंवा कॅल्शियम सिलिकेटचे बोर्ड, मागे पोकळी न ठेवता चुन्याच्या किंवा त्यासाठीच्या खास लेपात पूर्ण चिकटवलेले, वरून चुन्याचा गिलावा. प्लास्टिक पेंट नाही.

जाडी किती? पाच-सहा सेंटिमीटरवर थांबा. तुमच्यासारख्या भिंतीचा मी हिशेब मांडला, तर पहिल्या पाच सेंटिमीटरमध्ये भिंतीतून जाणारी उष्णता जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी होते. पुढच्या पाचने मूळ गळतीपैकी आणखी आठवा हिस्साच काय तो वाचतो, आणि दगड मात्र अजून गार व ओला होतो. खिडक्यांच्या बगलांना, म्हणजे चौकटीलगतच्या भिंतीच्या आतल्या कडांना, विसरू नका. तिथे दोन सेंटिमीटरचा थर तरी हवा, नाहीतर सगळी ओल तिथे जमते आणि कोपरे काळे पडतात.

बाहेरून थर लावणं तांत्रिकदृष्ट्या अधिक चांगलं, कारण दगड उबेच्या बाजूला राहतो. कॅनडातले अभियंते हॅरोल्ड ऑर यांनी १९८२ मध्ये एका घराची वळचण चक्क करवतीने कापली, म्हणजे थर भिंतीपासून छपरापर्यंत सलग जाईल, आणि सगळं घर बाहेरून गुंडाळलं. हवेची गळती विलक्षण कमी झाली. १९७७ मध्ये तिथल्याच रेजायना शहरात उभारलेल्या सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाउस या ऊर्जा वाचवणाऱ्या प्रायोगिक घरामागेही ते होते, आणि हवाबंद बांधणीचं महत्त्व पुढे आणण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. घडीव दगडाच्या घराची वळचण कापा, असं मात्र मी कुणालाही सांगणार नाही. दर्शनी भिंत साधी, आधीच गिलावा केलेली असेल तर बाहेरून जरूर करा.

प्रश्न: आजोबांच्या वेळच्या लाकडी खिडक्या आहेत, एकेरी काचेच्या. हिवाळ्यात आतून पाणी गळतं. सगळ्या काढून प्लास्टिक चौकटीच्या दुहेरी काचा बसवाव्यात का?

उत्तर: लाकूड कुजलेलं नसेल तर काढू नका. त्या काळचं लाकूड सावकाश वाढलेल्या झाडांचं, घट्ट रेषांचं असायचं. तसं आज सहज मिळत नाही. चौकटीच्या खालच्या आडव्या पट्टीला पेचकसाने टोचून बघा, कुजायला सुरुवात तिथेच होते. तेवढाच तुकडा बदलता येतो.

आतल्या बाजूने दुसरं तावदान बसवा, उन्हाळ्यात काढता येईल असं. एकेरी काचेतून जाणारी उष्णता त्याने साधारण निम्म्यावर येते, आणि आतली काच लो-ई लेपाची (उष्णता परत आत फेकणारा न दिसणारा पातळ थर) घेतली तर आणखी कमी होते. एक गोष्ट सांभाळा: आतलं तावदान घट्ट बसलं पाहिजे, बाहेरचं किंचित सैल चालेल. उलट केलंत तर घरातली दमट हवा दोन काचांच्या मध्ये शिरून बाहेरच्या काचेवर पाणी धरेल. झडपांना पट्ट्या, चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीत लोकर आणि वर सीलंट, रात्री जाड पडदे. काचेवरचं पाणी खूपच असेल तर घरात कपडे वाळत घालणं थांबवा आणि न्हाणीघरात बाहेर हवा फेकणारा पंखा लावा.

प्रश्न: आमचं जुनं घर लाकडी सांगाड्याचं आहे. भिंती पोकळ, आत भुसा भरलेला, तो खाली बसलाय. भोकं पाडून सेल्युलोज फुंकून भरता येईल असं कळलं. घरात लाकडाची शेगडी आहे. घर फार बंद झालं तर मुलांना त्रास होईल का?

उत्तर: शेगडीचा उल्लेख केलात, फार बरं झालं.

आधी वायरिंग. चिनीमातीच्या गुंड्यांवर ताणलेल्या सुट्या तारा दिसल्या तर ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काम आहे. त्या तारा मोकळ्या हवेत थंड राहतील या हिशेबाने घातलेल्या असतात. भरावात पुरल्या तर तापतात. ते वायरिंग बदलल्याशिवाय भिंतीत काही भरू नका. माळ्यावर चमकदार, खडीसारखे हलके दाणे सापडले तर तेही हलवू नका. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं. अमेरिकेतल्या माँटाना राज्यात लिबी इथली खाण १९९० मध्ये बंद झाली, तिच्या व्हर्मिक्युलाइटमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस होतं आणि ते माळ्यांवर सर्रास वापरलं गेलं. नमुना तज्ज्ञाकडून तपासून घ्या. जुना रंग घासण्याआधी शिशाची तपासणीही करून घ्या, घरात मुलं आहेत म्हणून विशेष सांगतो.

सेल्युलोज चांगलंच आहे. घट्ट भरलं तर बसत नाही. भरणाऱ्याला घनता विचारा, घनमीटरला पंचावन्न ते पासष्ट किलो हवी. शंभर वर्षांपूर्वीच्या अशा काही घरांत भिंतीची पोकळी तळघरापासून माळ्यापर्यंत सलग असते. ती खाली आणि वर अडवून घ्या, आगीच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचं आहे. बाहेरच्या फळ्यांतून पाणी शिरत असेल तर ते आधी थांबवा, कारण भरलेली भिंत पोकळ भिंतीइतकी लवकर वाळत नाही.

मुलांच्या श्वासासाठी फटींवर अवलंबून राहू नका. फटीतून येणारी हवा वाऱ्याच्या दिवशी नको इतकी येते आणि शांत, उबदार दिवशी पुरेशी येत नाही. पंख्याने मोजून हवा आणा. जमल्यास बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवा. शेगडीला मात्र स्वतःची हवा लागते. फटी बुजल्यावर स्वयंपाकघराचा जोरदार पंखा चालू केला की धुराड्यातून हवा उलटी खेचली जाऊ शकते, आणि त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. शेगडीला बाहेरून थेट हवा देणारी नळी जोडा, आणि मुलं झोपतात त्या खोलीबाहेर व शेगडीच्या मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा गजर बसवा. काम संपल्यावर, सगळे पंखे एकदम चालू ठेवून, धुराड्याची ओढ जाणकाराकडून तपासून घ्या. ती तपासणी होईपर्यंत शेगडी पेटवू नका.