सूर सोडायचा कधी?

वाचकांचे प्रश्न, एका बेसवादकाची उत्तरं

गेल्या अंकात मी बेस गिटारवर, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारवर, चार पानं लिहिली आणि पत्रांचा गठ्ठा घरी आला. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच: मी गोव्यातल्या मार्दोळचा, वय ६८. १९७८ पासून बेस वाजवतो आहे, लग्नांत, चर्चच्या फेस्तांच्या मांडवांत, तियात्रांत (कोकणी संगीत नाटकांत), हॉटेलांत. सगळ्या पत्रांना उत्तर देणं जमणार नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतो.

देवळातल्या भजनात वाढलेला मुलगा बेस गिटारकडे कसा वळला? तुमच्यावर कुणाकुणाचा प्रभाव आहे?
– एक वाचक, फोंडा

भजनातूनच वळलो. माझे थोरले काका पखवाज वाजवायचे. भजन सुरू होण्याआधी ते ओल्या कणकेचा गोळा डाव्या पुडीवर थापत आणि मी त्यांच्या मांडीला टेकून बघत असे. कणीक कमी पडली की आवाज वर चढतो, जास्त झाली की दबून जातो. काका चिमूटभर काढायचे, थाप मारून ऐकायचे, पुन्हा थोडी लावायचे. गाणाऱ्या मंडळींनी अजून तोंडही उघडलेलं नसायचं. मग एक थाप अशी यायची की ती कानाआधी छातीत कळायची. मला संगीत म्हणून जे पहिलं कळलं ते ते.

दुसरं घुमट. चवथीत आरतीला आमच्या वाड्यावरची मुलं घुमट, शामेळ आणि झांजा घेऊन घरोघर जायची. घुमट म्हणजे मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड मोकळं. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं आलं. एक हात चामड्यावर आणि दुसऱ्या हाताचा तळवा त्या मोकळ्या तोंडापाशी. तळवा लावला की आवाज मिटतो, उचलला की फुलतो. बघणाऱ्याचं लक्ष वाजवणाऱ्या हाताकडे असतं, पण घुमट बोलतं ते मागच्या तळव्यामुळे.

गिटार मी शिकलो सासष्टीतल्या एका म्हाताऱ्या व्हायोलिनवादकांकडे. पोर्तुगीज काळात गावोगावच्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. मुंबईच्या सिनेमासंगीतात आमच्या गोंयकार वादकांना एवढं मानाचं स्थान मिळालं त्याचं हेच मोठं कारण. माझे सरही तसेच घडलेले. मला त्यांनी देवळातला मुलगा म्हणून कधी वेगळं धरलं नाही. पुढे एका बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवू लागलो. त्यांचा बेसवाला आखाती देशात नोकरीला गेला आणि बँडच्या प्रमुखांनी त्याची गिटार माझ्या गळ्यात अडकवली. लग्न तीन दिवसांवर आलेलं होतं.

पहिल्या सेटनंतर बँडचे प्रमुख ट्रंपेट पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तू सूर धरतोस बरा, पण सोडत नाहीस." मला आधी कळलंच नाही. मी प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत ताणत होतो, त्यामुळे ड्रमच्या ठोक्यांना मधे श्वासच मिळत नव्हता. डाव्या हाताचं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सैल करायचा, की तार गप्प होते. दुसऱ्या सेटला ते करून पाहिलं आणि समोर नाचणाऱ्यांचे पाय बदललेले दिसले. तेव्हा घुमटाच्या मागचा तळवा आठवला. आज सत्तेचाळीस वर्षांनी कुणी मला विचारलं की बेसमध्ये शिकायचं काय, तर माझं उत्तर तेच आहे: सूर सोडायचा कधी.

बाहेरच्या वादकांत माझं दैवत जेम्स जेमरसन. बोटीवर नोकरी करणारे आमचे शेजारी कॅसेट आणायचे, त्यांत मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची गाणी असत. हा माणूस उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलत नसे. कित्येक वर्षं तबकड्यांवर त्याचं नावही छापलेलं नसे. मला ते नाव फार उशिरा कळलं, पण त्याचं वाजवणं मी त्याआधीच पाठ केलेलं होतं. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांतला बेस ऐका. गायकाचं लक्ष न विचलवता तो किती बोलतो ते बघा.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला बेस शिकायचा आहे. तिची बोटं लहान आहेत, शिवाय घरचे म्हणतात हे मुलांचं वाद्य.
– एक आई, म्हापसा

बोटांचा प्रश्न सोपा आहे. नेहमीच्या बेसमध्ये तारेची वाजणारी लांबी ३४ इंच असते. ३० इंची 'शॉर्ट स्केल' बेसही मिळतात, तो घ्या. बीटल्स बँडच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस तेवढाच आहे आणि त्यावर त्याने काय काय केलं ते जगाने ऐकलं. अँप्लिफायर छोटा चालेल. सुरुवातीला मुलीला बोटं फ्रेटच्या (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) अगदी मागे टेकवायला सांगा, म्हणजे दाब कमी लागतो.

घरच्यांना कॅरल के या बाईंबद्दल सांगा. १९६३ साली लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत बेसवाला आला नाही, म्हणून गिटार वाजवणाऱ्या या बाईंनी बेस उचलला आणि पुढे अमेरिकेतल्या असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांचाच बेस वाजला. आणि मुंबईची मोहिनी डे आजच्या घडीला जगभर वाजवते आहे. तिचे वडील स्वतः बेसवादक, त्यांनीच तिला शिकवलं. तुमच्या मुलीला घरातून तेवढा एक माणूस पाठीशी हवा, तो तुम्ही व्हा.

मी कळंगुटच्या बाजूला हॉटेलांत वाजवतो. आता मॅनेजर म्हणतात, गायक आणि मायनस वन ट्रॅक (गायकाशिवायची ध्वनिमुद्रित साथ) पुरे, बेसवाला कशाला? आमच्यासारख्यांनी काय करावं?
– एक वादक, बार्देश

तुमचं पत्र वाचून माझी रात्र गेली, कारण हे माझ्या बाबतीत घडलेलं आहे.

वीसेक वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात आम्ही पाच जण आठवड्याला तीन संध्याकाळी वाजवायचो. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, चाळीस दिवसांत ख्रिस्ती लग्नं होत नाहीत, तेव्हा घर या हॉटेलांवर चालतं. एके दिवशी व्यवस्थापनाने सांगितलं की सरावासाठी तुमची तीस गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवू. एका दुपारचे पैसे दिले. आम्ही मनापासून वाजवलं. पुढच्या मोसमात फक्त गायिका आणि कीबोर्डवाला ठेवले, बाकीचं ट्रॅकवर. त्या ट्रॅकवरचा बेस माझाच होता.

मी एकदा ऐकायला गेलो. एक वृद्ध परदेशी जोडपं वॉल्ट्झ करत होतं, फार हळू, एकमेकांना सांभाळत. गायिकेने त्यांना पाहिलं आणि शेवटची ओळ पुन्हा घेतली. आम्ही असतो तर तिच्या मानेच्या हालचालीवरून कळलं असतं, आणखी एक फेरा घेतला असता. ट्रॅक आपल्या वेळेला संपला. ते दोघं मधेच उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं आणि हात सोडून टेबलाकडे गेले. माझाच बेस त्यांच्यासाठी थांबला नाही, हे मला आजही सलतं.

म्हणून पहिली गोष्ट: ध्वनिमुद्रण कुठे आणि किती काळ वापरणार हे लिहून घेतल्याशिवाय कुणालाही वाजवून देऊ नका. आम्ही विश्वासावर दिलं.

दुसरी: मॅनेजरशी पैशांवर वाद घालण्यापेक्षा त्यांना एक संध्याकाळ फक्त आवाज आणि बेस अशी जोडी ऐकवा. दोन माणसांचाच खर्च, पण गाणं समोरच्या माणसाबरोबर चालतं. यासाठी तुम्हाला थोडं गाता आलं पाहिजे, निदान दुसरा आवाज लावता आला पाहिजे. मिक्सरही शिकून घ्या.

तिसरी: तियात्राकडे बघा. तिथे रंगमंचासमोर अजून जिवंत बँड बसतो आणि कांताराला, म्हणजे तियात्रातल्या गाण्याला, तोच साथ करतो. गायक एखाद्या कडव्यावर टाळ्या पडल्या की तेच कडवं परत घेतो, हे कोणता ट्रॅक करणार? सुरुवातीला मानधन थोडं असतं, पण वर्षभर काम असतं आणि कान तयार होतात. मी जे काही वाजवतो त्यातलं अर्धं तिथे शिकलो.

आणि लग्नाचं काम घेताना वेळेचं स्पष्ट बोला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद. जेवणं, भाषणं लांबतात आणि शेवटचा मसाला (नाचायच्या कोकणी गाण्यांचा) सेट, ज्याची सगळं घर वाट बघत असतं, तो दहा मिनिटांत उरकावा लागतो. यजमानांना आधीच सांगून टोस्ट लवकर घ्यायला लावा. राहिलेले पैसे त्या सेटच्या आधी घ्या.

पावसाळ्यात तारा गंजतात, गिटार बिघडते.
– तिसवाडी, सासष्टी आणि दोडामार्गाहून मिळून सात पत्रं

वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने तारा पुसा, खालच्या बाजूनेसुद्धा. समुद्राजवळ वाजवलं तर घरी पोचायची वाट बघू नका, तिथेच पुसा. नेहमीच्या खरखरीत तारा मंदावल्या तर काढून साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण सुकवा, पुन्हा लावा. बोटांचं तेल आणि मळ निघून जातो, दोन-तीन वेळा तरी जमतं. गुळगुळीत फ्लॅट तारा मात्र उकळू नका. पावसात लाकूड ओल धरतं, नेक (गिटारची लांब दांडी) वाकते आणि तारा फ्रेटपासून वर उठतात. नेकच्या आतला लोखंडी ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा फिरवा आणि रात्रभर थांबा. घाई केलेल्यांच्या गिटारी माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

मी निवृत्त शिक्षक. शेजारच्या मुलाच्या खोलीतून रोज धाड धाड ऐकू येतं. या पिढीला सूर कळतो का? तुम्ही जुन्या संगीतातले, तुम्हीच सांगा.
– डिचोली

सर, आधी भिंतीचं सांगतो. उंच आवाज भिंत अडवते, खालचा आवाज तिच्यातून पार होतो. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, असा आवाज भिंतीला जुमानत नाही. म्हणजे त्या मुलाच्या खोलीत जे वाजतं त्याचा फक्त तळ तुमच्यापर्यंत येतो. गाण्याचा गळा कापून धड तेवढं ऐकल्यासारखं आहे ते.

माझे वडील मास्टर दीनानाथांच्या नाट्यपदांवर जीव टाकणारे. मी अंगणात बेस घेऊन बसलो की ते उठून आत जात. एकदा म्हणाले, "यात गाणं कुठे आहे?" मला फार लागलं होतं. पण ज्या हार्मोनियमवर ते स्वतः पदं म्हणत, त्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० ते १९७१ दारं बंद केली होती, हे वाद्य परकं, आपल्या गाण्याला मारक, म्हणून. वडिलांना तो अन्याय वाटे आणि ते तावातावाने बोलत. माझ्या बेसबद्दल मात्र तेच शब्द त्यांच्या तोंडी होते.

आता त्या मुलाचं संगीत. माझा पुतण्या तेच करतो, लॅपटॉपवर. मीही पाच वर्षं त्याला नावं ठेवली. मग एका रविवारी त्याने मला शेजारी बसवून पडद्यावर दाखवलं: ड्रमचा जाड ठोका पडतो त्या क्षणी बेसचा आवाज आपोआप खाली जातो आणि ठोका सरला की परत वर येतो. त्याला ते 'साइडचेन' म्हणतात. मी त्याला तीनदा परत लावायला सांगितलं. ट्रंपेट पुसत मला जे सांगितलं गेलं होतं तेच त्या पडद्यावर रेघेने काढलेलं होतं. ठोक्याला जागा दे. सूर सोड.

आणखी एक. या मुलांच्या संगीतात टीबी-३०३ नावाच्या ज्या यंत्राचा आवाज पूज्य मानतात, ते जपानी कंपनीने काढलं होतं एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते साफ पडलं आणि पुढे बंद झालं. पण १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी, जे हिंदी सिनेमात गिटार आणि बेस वाजवायचे, ते आणि इतर सिंथेसायझर वापरून दहा रागांची तबकडी काढली. तेव्हा ती कुणी घेतली नाही. पुढे जगभरातली तरुण मंडळी ती शोधत आली. तेव्हा या मुलांचं झाड अगदी परक्या मातीत उगवलेलं नाही.

मला नावडतं तेही सांगतो. आजची पुष्कळ गाणी पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत एकाच जोरात वाजतात, त्यांत उतार नसतो. गायकाचा सूर यंत्राने इतका सरळ करतात की तो कुणाचा गळा हे ओळखू येत नाही. पुतण्याशी यावर माझं रोज भांडण होतं आणि ते चालू राहील. पण त्याला सूर कळत नाही असं मी पुन्हा म्हणणार नाही.

सर, रात्री उशिरा आवाज कमी ठेव हे त्या मुलाला जरूर सांगा, तो तुमचा हक्क आहे. पण एकदा दुपारी त्याच्या खोलीत जाऊन स्पीकरसमोर बसा आणि त्याला विचारा, यात तुला काय आवडतं. शिक्षकाने विचारलं तर मुलं सांगतात.

अजून वाजवता का? कान कसे आहेत?
– एक ड्रमर, वास्को

शुक्रवारी पणजीत वाजवतो, चौघं जण आहोत. हात ठीक आहेत. उजव्या कानाने मात्र उंच आवाज कमी येतात. चाळीस वर्षं ड्रमरच्या हाय-हॅटच्या बाजूला उभा राहिलो, झांज थेट त्या कानात. ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. हा हिशेब मला विशीत कुणी सांगितला नाही. तुम्ही आजच इअरप्लग घ्या, वादकांसाठी वेगळे मिळतात, त्यांत सूर बिघडत नाही. आमच्या ड्रमरशी बोलून मी आता त्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो. तिथून हाय-हॅटवरचा पाय दिसत नाही, म्हणून तो गाण्याच्या सुरुवातीला मान हलवून मला ठेका देतो.