प्रवासाचे प्रश्न: सकाळी कूचीचे बोगदे, दुपारी मेकाँगची होडी

मुंबईहून थेट फ्लाइट सुरू झाल्यापासून व्हिएतनामबद्दल इतके प्रश्न येतायत की या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. बहुतेकांचा प्रश्न एकाच टूरबद्दल आहे. हो ची मिन्ह सिटीहून, म्हणजे जुन्या सायगावहून, एका दिवसात कूचीचे युद्धातले बोगदे आणि मेकाँग नदीचा त्रिभुज प्रदेश (डेल्टा) असं दोन्ही दाखवणारी गाइडेड टूर.

ताई, आमची सात दिवसांची ट्रिप आहे, हनोई, दा नांग करून सायगावला एकच मोकळा दिवस मिळतो. कूची अधिक मेकाँग कॉम्बो घ्यावा का? एजंट म्हणतो आरामात होतं. (एक वाचक, पुणे)

होतं, आरामात नाही. एकदा नकाशा उघडून बघा म्हणजे कळेल, कूची शहराच्या वायव्येला आणि मेकाँगचं मी थो गाव नैर्ऋत्येला. बोगदे बघायच्या जागा दोन, बेन दिन्ह साधारण ५० किलोमीटर आणि बेन डुओक ७० च्या आसपास, मी थो पण ७० च्या घरात, आणि मधे सायगावचं ट्रॅफिक, त्यात लाखो स्कूटर. म्हणजे सकाळी सातला निघून रात्री सातला हॉटेलवर, आणि त्यातले पाच-सहा तास बसच्या खिडकीतून बाहेर बघण्यात जातात. शिवाय रस्त्यात लॅकरच्या वस्तू बनवणाऱ्या वर्कशॉपला "टॉयलेट ब्रेक" असतो तो अर्ध्या तासाचा होतोच.

एकच दिवस असेल आणि दोन्ही बघायचंच असेल तर घ्या, पण मोठ्या बसची घेऊ नका, दहा-बारा जणांची व्हॅन घ्या. कूची सकाळी पहिलं करा, कारण दहानंतर बेन दिन्हला इतकी गर्दी होते की बोगद्याच्या तोंडाशी लाइन लागते. आणि माझं स्पष्ट मत विचाराल तर दोनातलं एक निवडा आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात शहरातलं वॉर रेम्नंट्स म्युझियम आणि इंडिपेंडन्स पॅलेस बघा. ३० एप्रिल १९७५ ला, युद्धाच्या शेवटच्या दिवशी, कम्युनिस्ट उत्तर व्हिएतनामचे रणगाडे ज्या गेटमधून आत घुसले तोच हा पॅलेस, आणि दोन्ही जागा एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या जवळ आहेत.

आम्ही ही टूर करून आलो. कूचीला अंगावर काटा आला, खरंच. पण दुपारी मेकाँगला होडीत बसवलं, मधाचा चहा पाजला, गाणी ऐकवली आणि नारळाच्या वड्या विकल्या. दोन वेगळ्या ट्रिपा एकत्र शिवल्यासारखं वाटलं. डेल्टाचा युद्धाशी काही संबंध आहे का, की नुसता टाइमपास? (एक वाचक, सांगली)

या प्रश्नासाठी थँक्यू, कारण माझी तक्रार नेमकी हीच आहे. सकाळी युद्ध आणि दुपारी संस्कृती ही वाटणी टूरवाल्यांनी केलेली आहे, इतिहासात ती अशी नव्हतीच. युद्धाचा मोठा भाग याच पाण्यात आणि भातशेतात झालाय.

तुमची होडी ज्या मी थोहून निघाली त्याच्या वायव्येला थोड्या अंतरावर आप बाक नावाचं गाव आहे. तिथे २ जानेवारी १९६३ ला साडेतीनशेच्या आसपास कम्युनिस्ट गनिमांनी हेलिकॉप्टरं आणि चिलखती गाड्या घेऊन आलेल्या सायगाव सरकारच्या, म्हणजे अमेरिकेच्या पाठिंब्यावरच्या दक्षिण व्हिएतनामच्या, कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं आणि रात्री निसटून गेले, अमेरिकन सल्लागारांना पहिला मोठा धक्का तिथे बसला. मी थोच्या पश्चिमेला डोंग ताम नावाचा अमेरिकन तळ होता, तो बांधायला जमीनच नव्हती म्हणून नदीतली रेती उपसून भातशेतं भरली आणि त्यावर तळ उभा केला, तिथून सैनिक बोटींनी कालव्यांत शिरायचे. आता त्याच भागात सापांचं फार्म आहे, सर्पदंशावरचं औषध बनवतात.

नदीपलीकडे बेन त्रे, जिथे तुम्ही वड्या घेतल्या. १९६० च्या जानेवारीत सायगाव सरकारविरुद्धचा उठाव तिथून पेटला आणि त्याचं नेतृत्व करणाऱ्यांत न्गुएन थी दिन्ह ही बाई होती, तिच्या मागे गावोगावच्या बायका उभ्या राहिल्या, त्यांना "लांब केसांची फौज" म्हणायचे. पुढे १९६८ च्या तेत हल्ल्यात, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सणात कम्युनिस्टांनी दक्षिणेतल्या शहरांवर केलेल्या हल्ल्यात, हेच बेन त्रे अमेरिकन बॉम्ब आणि तोफांनी उद्ध्वस्त झालं, आणि गाव वाचवण्यासाठी ते नष्ट करणं भाग पडलं असं एक अमेरिकन अधिकारी म्हणाल्याची बातमी एपी वृत्तसंस्थेच्या पीटर आर्नेटने दिली, ते वाक्य जगभर गाजलं. नारळाच्या वड्या त्याच गावच्या. (नकाशावर बेन त्रे प्रांत शोधू नका, १ जुलै २०२५ ला प्रांतांची फेररचना झाली आणि तो विन्ह लाँगमध्ये गेला.)

आणि अजून एक, नदीतल्या चार बेटांपैकी फिनिक्स बेटावर नेलं असेल तर तिथे ड्रॅगन गुंडाळलेले रंगीत खांब दिसले असतील, गाइड लोक ते "विचित्र साधूचं मंदिर" म्हणून दोन मिनिटांत उरकतात. तो साधू फ्रान्सला केमिस्ट्री शिकून आलेला माणूस, नाव न्गुएन थान्ह नाम, मुख्यतः नारळावर राहायचा म्हणून लोक त्याला नारळ-बाबा म्हणायचे. ऐन युद्धात दोन्ही व्हिएतनामनी शांततेने एक व्हावं असं म्हणत तो बसला होता, सैन्यात जायचं नसलेली पोरं त्याच्या बेटावर आसरा घ्यायची. सायगाव सरकारने त्याला तुरुंगात टाकलं आणि १९७५ नंतरच्या कम्युनिस्ट सरकारनेही. १९९० मध्ये वारला. आता सांगा, युद्धाची ट्रिप करायला निघालेल्या माणसाने या बेटावर निदान अर्धा तास थांबायला नको?

होडी वल्हवणाऱ्या बाईच्या गळ्यात काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं उपरणं बघितलं असेल. त्याला खान रान म्हणतात, डेल्टातला शेतकरी घाम पुसायला, पोर झोळीत घालायला, डोक्याला गुंडाळायला तेच वापरतो, आणि कूचीच्या म्युझियममधल्या गनिमांच्या पुतळ्यांच्या गळ्यातही तेच आहे, कारण ते गनीम म्हणजे हेच शेतकरी. गाणी ऐकलीत त्या प्रकाराचं नाव "दोन का ताय तू", २०१३ पासून ती युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आहेत. टूरवर दोन गाणी म्हणतात आणि टिपची बास्केट फिरते, त्यामुळे लोकांना ती नाटकी वाटतात, पण मूळची ती दिवसाचं काम झाल्यावर घरी बसून हौसेने वाजवायची बैठक आहे.

पुढच्या वेळी कुणी जाणार असेल तर बुकिंग करतानाच विचारा, गाइड आप बाक आणि बेन त्रेबद्दल बोलणार का. गाइडांना माहीत असतं हो सगळं, कुणी विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे गेलेत. बोगद्यात उतरावं लागतं का? आणि दहा वर्षांच्या मुलाला न्यावं का? (एक वाचक, ठाणे)

उतरावं लागत नाही, कुणी जबरदस्ती करत नाही. पर्यटकांसाठीचा बोगदा मुळापेक्षा रुंद केलेला आहे तरी ओणवं, जागोजागी रांगतच जावं लागतं, मधे मधे बाहेर पडायच्या वाटा आहेत. दमा, बीपी, बंद जागेची भीती असेल तर नकोच, आईंना वरच थांबवा. वरून बघण्यासारखं भरपूर आहे.

आणि खरी कमाल वरूनच कळते. माती बघा, आपल्या कोकणातल्या जांभ्याच्या जातीची लाल माती, ओली असताना कुदळीने निघते आणि वाळली की टणक होते, म्हणून तर आधाराच्या लाकडांशिवाय बोगदे टिकले. खोदायला सुरुवात तेव्हाच्या राज्यकर्त्या फ्रेंचांविरुद्ध लढताना झाली, १९४० च्या दशकात, आणि वाढत वाढत तीन मजले आणि जवळपास २५० किलोमीटरचं जाळं झालं. १९६६ मध्ये अमेरिकनांनी आपल्या २५ व्या डिव्हिजनचा मोठा तळ कूचीतच थाटला आणि मग रात्री आतून गोळ्या कोण मारतंय ते त्यांना कळेना. वारूळ दिसलं तर नीट बघा, त्यात हवेचं भोक लपवलेलं असतं. कुत्री हुंगत यायची म्हणून भोकांपाशी मिरपूड टाकायचे, अमेरिकन साबण लावायचे म्हणजे कुत्र्याला वास आपल्याच माणसांचा यावा.

सगळ्यात मला आवडते ती चूल, होआंग काम नावाच्या फौजी आचाऱ्याने फ्रेंचांशी लढताना काढलेली. धूर सरळ वर सोडायचा नाही, जमिनीखालून लांब चरांमधून फिरवायचा, थंड करायचा आणि कितीतरी लांब पाल्यापाचोळ्याखालून विरळ करून सोडायचा, तेही पहाटे, धुक्यात मिसळून जावा म्हणून. विमानातून काही दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलाला ही चूल दाखवा, तो विसरणार नाही.

मुलाबद्दल म्हणाल तर टोकदार बांबू आणि खिळ्यांचे सापळे उघडून दाखवतात, गाइड ते हसत हसत करतात, ते मला पटत नाही पण आहे. फायरिंग रेंज आहे, पैसे देऊन एके-४७ झाडता येते आणि आवाज इतका होतो की लहान मूल दचकतं. गर्दी आणि गोंगाट टाळायचा तर बेन डुओकला न्या, लांब आहे पण शांत आहे. सायगावच्या धक्क्यावरून स्पीडबोटीने नदीतून कूचीला जाता येतं, महाग पडतं पण आई-बाबांची कंबर वाचेल.

आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी राहू का? (एक ताई, नाशिक)

नाही राहणार, पण आधी सांगावं लागतं. बौद्ध लोक अमावस्या-पौर्णिमेला शाकाहारी खातात, त्याला "आन चाय" म्हणतात, हे शब्द फोनमध्ये लिहून ठेवा आणि बुकिंगच्या वेळीच कळवा. त्यावर "नुओक माम नको" हेही सांगा, तो माशांचा सॉस आहे आणि नुसत्या भाजीतही पडतो. मी थोला टेबलावर एक मोठा तळलेला मासा उभा करून आणतात, हत्तीच्या कानाचा मासा म्हणतात त्याला, तुमच्या शेजारच्यांसाठी असेल, घाबरू नका, तुम्हाला टोफू येईल.

कूचीला मात्र तुमचं जमेल. गनिमांचं जेवण म्हणून उकडलेला कसावा देतात, सोबत भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, तीळ, मीठ, साखर. आपला साबुदाणा याच कंदाचा. एकादशीला गेलात तरी अडणार नाही!

व्हिएतनामने शिवाजी महाराजांच्या गनिमी काव्यावरून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं, त्यांच्या राष्ट्राध्यक्षाच्या समाधीवर तसं लिहिलंय असं वाचलं होतं. ती समाधी या टूरमध्ये दाखवतात का? (एक काका, कोल्हापूर)

काका, हा फॉरवर्ड मलाही दर सहा महिन्यांनी येतो. अशी समाधी नाही. राष्ट्राध्यक्ष हो ची मिन्ह यांचं पार्थिव हनोईला मोठ्या स्मारकात काचेत जतन करून ठेवलंय, सायगावला नाही, आणि तिथे महाराजांबद्दल काही कोरलेलं नाही. या गोष्टीला एकही पुरावा कुणी आजवर दाखवलेला नाही. त्यांचे सेनापती व्हो न्गुएन ज्याप यांच्या युद्धनीतीत चीनच्या माओची छाप आहे आणि त्यांचा स्वतःचा जुना नायक त्रान हुंग दाओ आहे, ज्याने १२८८ मध्ये बाक डांग नदीत टोकदार लाकडी खांब रोवून मंगोलांची जहाजं ओहोटीत अडकवली. सायगावच्या नदीकाठी त्याचा पुतळा आहे, तो बघा. गनिमी कावा दोघांनी आपापल्या मुलखात आपापल्या गरजेने काढला, आणि सह्याद्री तोंडपाठ असलेल्या माणसाला कूची बघताना जास्त कळतं हे मात्र खरं, तुम्ही जाच.

भारताचा खरा संबंध हवा असेल तर तोही आहे. फ्रेंचांशी चाललेलं युद्ध थांबवणाऱ्या १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, कॅनडा आणि पोलंड सोबत. आपले अधिकारी आणि जवान तिथे वर्षानुवर्षं होते. याचा फॉरवर्ड मात्र कधी येत नाही.

तरंगता बाजार या टूरमध्ये असतो ना? फोटोत होड्यांवर अननस वगैरे दिसतात. (एक वाचक, पणजी)

नसतो. तो फोटो बहुतेक कान थोच्या काय रांग बाजाराचा, सायगावहून १६०-१७० किलोमीटर, आणि बाजार पहाटे पाच ते आठ. रात्री कान थोला मुक्काम केल्याशिवाय जमत नाही. रस्ते आणि पूल झाल्यापासून होड्या खूप कमी झाल्यात, त्यामुळे फोटोइतकी गर्दी धरून जाऊ नका, पण जो माल विकायचा तो बांबूला टांगून होडीवर उभा करायची पद्धत अजून दिसते.

दुसरा पर्याय सांगते जो एजंट सहसा सांगत नाही, कान जिओ. शहराच्याच हद्दीतलं खारफुटीचं जंगल, मेकाँगचं नाही, सायगाव आणि डोंग नाय नद्यांच्या मुखाचं. युद्धात गनिमांचा तळ इथे होता म्हणून विमानांतून रसायनं फवारून खारफुटीचा मोठा भाग मारला, आणि १९७८ पासून लोकांनी चिखलात उतरून ती परत लावली, रोपांचं बी पार दक्षिणेच्या का माऊहून आणलं. २००० मध्ये युनेस्कोने त्याला बायोस्फीअर रिझर्व्ह केलं. युद्ध आणि नदी एकाच दिवसात, एकाच जागी बघायची तर मी हे निवडेन. माकडं फार आगाऊ आहेत, चष्मा सांभाळा.

परत येताना काय आणावं? सापाची दारू आणू का, भावाला गंमत म्हणून? (एक वाचक, नागपूर)

सापाची बाटली नका आणू. नाग संरक्षित प्राण्यांत येतो, कस्टमने पकडलं तर गंमत महागात पडेल. नारळाच्या वड्या आणा, आतला पातळ कागद तांदळाचा असतो, सोलत बसू नका, तसाच खायचा. पैसे देताना २० हजार आणि ५ लाख डाँगच्या (डाँग म्हणजे तिथलं चलन) नोटा नीट बघा, दोन्ही निळ्या आहेत.