भाव ताडून दाखवणाऱ्या साइट असताना स्पर्धा आयोगाने मध्ये कशाला पडायचं?

तुमचं म्हणणं असं की भाव ताडून दाखवणाऱ्या एवढ्या साइट आणि ॲप आहेत, स्वस्त काय ते गिऱ्हाईक स्वतःच शोधून घेईल, मग स्पर्धा आयोगाचं, म्हणजे बाजारात कुणी गैरमार्गाने स्पर्धा मारत नाही ना हे बघणाऱ्या सरकारी यंत्रणेचं, तिथे काय काम? मी घरगुती उपकरणांच्या दुकानात खरेदीचं काम बघतो. माझ्या मते काम आहे, आणि फार महत्त्वाचं आहे.

'सगळीकडे बघितलं' असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा त्याने वरची तीन-चार नावं बघितलेली असतात. दिवाळीआधी एक काकू मोबाइल घेऊन आल्या. मिक्सरचा भाव आमच्यापेक्षा नऊशे रुपयांनी कमी. रंग तोच, भांडीही तीनच. पण तो ५०० वॉटचा होता आणि आमचा ७५० वॉटचा. मॉडेल नंबरात शेवटचं एक अक्षर तेवढं वेगळं. "काकू, जरा खाली बघू," म्हणून यादी सरकवली, तर सातव्या ओळीत आमचंच मॉडेल आमच्यापेक्षा दोनशेने स्वस्त! त्यांनी ते तिथूनच मागवलं. स्वस्त भाव यादीत होता, पण तिथवर त्या गेल्याच नव्हत्या.

म्हणजे सगळा खेळ कोण वर आणि कोण खाली याचा आहे. आणि तो क्रम लावणाराच स्वतः त्या धंद्यात उतरला तर?

ब्रिटनमधल्या ॲडम आणि शिवॉन रॅफ या जोडप्याने २००६ मध्ये 'फाउंडेम' ही भाव ताडून दाखवणारी साइट सुरू केली. थोड्याच दिवसांत गूगलच्या शोधात ती पार तळाला गेली. साइट वाईट होती म्हणावं, तर २००८ मध्ये चॅनल ५ वरच्या 'द गॅजेट शो'ने तिला देशातली सर्वोत्तम ठरवलं होतं. २००९ मध्ये त्यांनी युरोपीय आयोगाकडे, म्हणजे युरोपीय संघात स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, तक्रार केली. आयोगाला आढळलं की गूगल स्वतःची खरेदी सेवा सगळ्यात वर दाखवतं आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी सर्वात वरचा सरासरी चौथ्या पानावर येतो. संगणकावर पहिल्या पानाला सुमारे ९५ टक्के क्लिक मिळतात, दुसऱ्या पानावरच्या पहिल्या नावाला जेमतेम १ टक्का. चौथ्या पानावरच्याचं काय होणार, तुम्हीच सांगा.

२०१७ मध्ये २४२ कोटी युरोंचा दंड झाला. अपिलं चालली, आणि सर्वोच्च पातळीवर तो कायम झाला सप्टेंबर २०२४ मध्ये. फाउंडेम २०१६ मध्येच बंद पडलं होतं. तक्रार खरी ठरायला पंधरा वर्षं लागली, याचा मला मनापासून राग येतो. म्हणूनच युरोपच्या नव्या डिजिटल बाजार कायद्यात मोठ्या कंपन्यांना आपलीच सेवा वर ठेवायला आधीच मनाई केली आहे. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये गूगलला जवळपास १३६ कोटींचा दंड ठोठावला. त्यात विमान तिकिटांच्या शोधात स्वतःची सेवा ठळक दाखवण्याचा मुद्दा होता.

आता दुसरी बाजू, जी फारसं कुणी बोलत नाही. भाव उघडे झाले की ते गिऱ्हाइकाला दिसतात तसे दुकानदारालाही दिसतात. डेन्मार्कच्या स्पर्धा यंत्रणेने १९९३ पासून तयार काँक्रीटचे प्रत्यक्ष व्यवहारांतले दर छापायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, पण वर्षभरात दर १५ ते २० टक्क्यांनी वाढले. कोण कुणाला किती सूट देतो हे प्रत्येक उत्पादकाला कळलं आणि सूट द्यायचं कारणच उरलं नाही. त्यामुळे आयोगाला दोन्हीकडे डोळा ठेवावा लागतो: क्रम कोण लावतो, आणि त्या भावांचा उपयोग कोण करतो.

आमचंच सांगतो. सकाळी शटर वर गेलं की मी आधी इतरांचे ऑनलाइन भाव बघतो. ज्या दिवशी सगळ्यांचे भाव सारखे दिसतात, त्या दिवशी आम्हीही काही कमी करत नाही.