एक्लिप्समध्ये कोड बदलून सेव्ह केला तरी जुनाच प्रोग्राम का चालतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी एक्लिप्समध्ये (कोड लिहायच्या आणि चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) जावाचं काम चालू आहे. परवापर्यंत सगळं सुरळीत होतं. आता फाइल बदलून सेव्ह केली तरी जुनाच कोड चालतो. मेनच्या, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या मेथडच्या, अगदी पहिल्या ओळीवर टाकलेली प्रिंटसुद्धा कन्सोलवर उमटत नाही. चुकीचं काही लिहिलं की एडिटरमध्ये लाल रेघ मात्र येते. एक्लिप्स काढून नव्याने टाकून झालं, फरक पडला नाही. आणि शेवटी लिहिलंय, 'बहुतेक माझंच लॉजिक चुकतंय.'

आधी त्या शेवटच्या वाक्याचं बोलू. मेनच्या पहिल्या ओळीवरची प्रिंट उमटत नाही, म्हणजे तुम्ही लिहिलेला कोड चालतच नाहीये. जो चालत नाही त्याचं लॉजिक बरोबर की चूक हे कळणार कसं? तेव्हा लॉजिकमध्ये हात घालणं आजच्या आज थांबवा, नाहीतर बरोबर असलेला कोडही बिघडवून बसाल. हे भल्याभल्यांचं झालेलं आहे. १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन, म्हणजे 'याक' हे कंपाईलर बनवायला मदत करणारं साधन लिहिणारे, एका प्रोग्राममधली चूक शोधण्यात अख्खी सकाळ घालवून तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत आले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाईल झाली नव्हती, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आली नव्हती. त्या वैतागातून फेल्डमन यांनी 'मेक' हा बदललेल्या फाइली ओळखून पुन्हा कंपाईल करून घेणारा प्रोग्राम लिहिला, आणि त्यासाठी २००३ सालचा एसीएम या संगणकशास्त्राच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार त्यांना मिळाला. तुमचा आजचा त्रास हा नेमका तोच त्रास आहे.

आता पहिली तपासणी. सेटिंग काहीही बदलण्याआधी ही करा. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'बिन' नावाचं फोल्डर असेल (मेव्हन हे बिल्डचं साधन वापरत असाल तर 'टार्गेट'च्या आतलं 'क्लासेस'). एक्लिप्स ते सहसा दाखवत नाही, म्हणून विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमधून उघडा. तुमच्या क्लासची कंपाईल होऊन बनलेली फाइल (क्लास फाइल) शोधा, तिची वेळ बघून ठेवा, कोडमध्ये बदल करा, सेव्ह करा, पुन्हा वेळ बघा. बदल खराखुरा हवा. प्रिंटमधला मजकूर बदला, ओळीच्या शेवटी नुसती कॉमेंट टाकू नका, कारण कंपाईल होऊन निघालेली फाइल आधीच्यासारखीच असेल तर एक्लिप्स ती पुन्हा लिहीतच नाही आणि तुमची उगाच दिशाभूल होते.

वेळ बदलली नाही, तर बिल्ड, म्हणजे कोडमधून नव्या क्लास फाइली बनवण्याचं काम, होत नाहीये. बदलली, तर बिल्ड ठीक आहे आणि जुना कोड दुसरीकडून कुठूनतरी येतोय. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि कोणता आहे ते ठरवायच्या आधीच लोक औषधं देत सुटतात.

लाल रेघ येते म्हणजे कंपाईल होतंय, असं तुम्ही गृहीत धरलंय. तसं नाही. ती रेघ एडिटर तुम्ही टाईप करत असतानाच स्वतः काढतो, बिल्ड बंद असलं तरी. बिल्डने पकडलेल्या चुका 'प्रॉब्लेम्स' व्ह्यूमध्ये येतात. एक सेमीकोलन काढा, सेव्ह करा. एडिटरमध्ये लाल रेघ आली पण 'प्रॉब्लेम्स'मध्ये नवी नोंद आली नाही, तर बिल्ड निजलंय हे पक्कं.

मला वाटतं तुमचं हेच झालंय. मग प्रथम 'प्रोजेक्ट' मेनू उघडून 'बिल्ड ऑटोमॅटिकली'समोर टिक आहे का बघा. चुकून माऊस लागून ती निघालेली मी अनेकांच्या मशीनवर पाहिली आहे. टिक असेल तर दुसरा संशयित बिल्ड पाथ (बिल्डला लागणाऱ्या फाइली कुठे आहेत त्याची यादी), आणि इथे जरा थांबतो, कारण माझे दोन दिवस इथेच गेले होते.

पुण्यात पहिल्या नोकरीत असताना आमच्या प्रोजेक्टच्या बिल्ड पाथमध्ये एक जार फाइल (तयार क्लास फाइलींचा गठ्ठा) नेटवर्कवरच्या 'झेड' ड्राइव्हवरून घेतलेली होती. एका सोमवारी माझ्या मशीनवर तो ड्राइव्ह जोडलाच गेला नाही. मी ज्या भागात काम करत होतो त्याला त्या जारची गरज नव्हती, त्यामुळे आधी कंपाईल होऊन पडलेल्या क्लास फाइलींवर प्रोग्राम मजेत चालत राहिला. मी मात्र एकच मेथड दहा पद्धतींनी लिहून पाहिली. एक्लिप्सचा मूळ नियमच असा आहे की बिल्ड पाथवरची एखादी गोष्ट सापडली नाही तर तो त्या प्रोजेक्टचं बिल्ड अर्धवटही करत नाही, पूर्ण सोडून देतो. हे तो लपवत नाही. बिल्ड पाथची चूक सुटेपर्यंत प्रोजेक्ट बिल्ड होऊ शकत नाही, अशी स्वच्छ ओळ 'प्रॉब्लेम्स'मध्ये टाकतो. पण त्या व्ह्यूमध्ये एका प्रकारच्या १०० नोंदीच दिसतात, आणि आमच्याकडे जेएसपी-एचटीएमएलच्या (वेब पानांच्या) तपासणीतल्या शेकडो किरकोळ चुका कायमच्या साचलेल्या होत्या. ती एक ओळ त्यांच्याखाली गाडली गेली. शिवाय 'प्रोजेक्टमध्ये चुका आहेत, तरी चालवू का?' असं एक्लिप्स विचारतो, त्यावर 'नेहमी चालव' अशी टिक मी कधीतरी करून टाकली होती. तेव्हा तोही इशारा गेला. शेजारी बसणाऱ्या एका ताईंनी त्या व्ह्यूच्या फिल्टरमध्ये जाऊन १०० ची मर्यादा काढली आणि मिनिटभरात ती ओळ माझ्यासमोर धरली.

तुम्हीही तेच करा. मग प्रोजेक्टवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'जावा बिल्ड पाथ', 'लायब्ररीज'. ज्या जारवर लाल फुली दिसेल ती काढा किंवा योग्य जागेवरून पुन्हा जोडा. मित्राकडून प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवर आणला असेल तर त्याच्या मशीनवरचे पत्ते तसेच राहिलेले असतात, ते खास बघा. एक्लिप्स नव्याने टाकून फरक पडला नाही त्याचं कारणही हेच: हे पत्ते प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये आणि बाकीची बरीचशी सेटिंग वर्कस्पेसमध्ये (एक्लिप्स सुरू होताना जे कामाचं फोल्डर विचारतो त्यात) राहतात, एक्लिप्सच्या फोल्डरमध्ये नाही. जुनं वर्कस्पेस उघडलं की जुना आजार परत हजर.

'क्लीन करा' असा सल्ला तुम्हाला चौघे देतील. करा, पण बिल्ड पाथ दुरुस्त केल्यावर. आधी केलंत तर जुन्या क्लास फाइली पुसल्या जातील, नव्या बनणार नाहीत, आणि मेन क्लास सापडत नाही अशी नवीच चूक समोर येईल. तशी आली तर घाबरू नका, तुमचा सोर्स कोड जागच्या जागी आहे.

फाइल तुम्ही नोटपॅडमध्ये किंवा दुसऱ्या एडिटरमध्ये बदलत असाल तर एक्लिप्सला त्याचा पत्ताच नसू शकतो. प्रोजेक्ट निवडून एफ-५ दाबा. क्वचित 'प्रॉपर्टीज'मधल्या 'बिल्डर्स' यादीत 'जावा बिल्डर'ची टिक निघालेली असते, तेही एकदा पाहून घ्या.

आता क्लास फाइलची वेळ बदलत असेल तर. सर्वांत आधी कन्सोलवरच्या लाल चौकोनाने चालू असलेला प्रोग्राम बंद करा, आणि कन्सोलच्या यादीत मागे आणखी कोणी चालू राहिलंय का बघा. चालू असलेल्या जेव्हीएमने (जावाचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या यंत्रणेने) जुना क्लास आधीच उचललेला असतो. डीबग मोडमध्ये बदललेली मेथड चालू प्रोग्राममध्ये सरकवता येते, पण साधारणपणे मेथडच्या आतला मजकूरच. नवी मेथड किंवा नवं फील्ड जोडलं की बहुधा प्रोग्राम नव्याने सुरू करावा लागतो.

प्रोजेक्ट वेबचा असेल आणि टॉमकॅट हा वेब सर्व्हर एक्लिप्समधूनच चालवत असाल, तर टॉमकॅट तुमच्या फोल्डरमधून नाही, वर्कस्पेसमधल्या मेटाडेटाच्या आत ठेवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून चालतो. 'सर्व्हर्स' व्ह्यूमध्ये राइट क्लिक करून तिथलं 'क्लीन' आणि 'क्लीन टॉमकॅट वर्क डिरेक्टरी' दोन्ही करा, आणि आपोआप पब्लिश होणं (नवा कोड त्या प्रतीत जाणं) बंद केलेलं नाही ना, ते बघा.

एवढ्यानेही जुनाच कोड आला तर त्याच नावाचा क्लास एखाद्या जुन्या जारमध्ये बसलेला असणार. 'रन कॉन्फिगरेशन्स'मध्ये 'व्हीएम आर्ग्युमेंट्स'च्या चौकटीत '-व्हर्बोज:क्लास' (इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता) लिहून चालवा. प्रत्येक क्लास कुठल्या फाइलमधून आला ते कन्सोलवर छापलं जातं. खूप लांब यादी येते, त्यात तुमच्या क्लासचं नाव शोधा.

एक शेवटचा प्रकार. जुनी फक्त एखादी किंमतच दिसत असेल, बाकी सगळं नवं, तर ती किंमत 'स्टॅटिक फायनल' आहे का तपासा. असा साधा आकडा किंवा स्ट्रिंग कंपाईलर वापरणाऱ्या क्लासमध्ये थेट उतरवून ठेवतो. वापरणारा क्लास जारमध्ये बंद असेल तर ती जार नव्याने बनवेपर्यंत जुना आकडाच दिसणार.

आज रात्री एवढंच करा: वेळ बघा, सेमीकोलन काढून बघा, १०० ची मर्यादा काढा. 'प्रॉब्लेम्स'मध्ये बिल्ड पाथबद्दल जी ओळ दिसेल ती जशीच्या तशी मला लिहून पाठवा, आणि मेव्हन किंवा टॉमकॅट वापरताय का तेही सांगा. मी उद्या सकाळी बघतो.